पडद्यावर तुडतुडे दिसत नाहीत



नेहमी मी लोणची, उपवासाचे पदार्थ, नाहीतर प्रतिक्रमणाविषयी लिहिते. आजचा विषय वाचून हसाल. दिवाळीची नाचरी रोषणाई संगणकावर आखायची सॉफ्टवेअर निघाली आहेत. त्यांच्या पडद्यावर काय काय दिसायला हवं, याविषयी मला बोलायचं आहे. "तुझा आणि त्याचा काय संबंध?" असं आमच्या ह्यांनीही विचारलं. संबंध सुपलीतून आला, म्हणून सुपलीपासूनच सुरुवात करते.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. माझा पुतण्या नागपूरला इंजिनिअरिंग शिकतो. सुट्टीत आला तो एक खोकं घेऊनच. घराच्या गॅलरीला, कठड्याला आणि दाराच्या चौकटीला त्याने ६०० दिव्यांच्या माळा लावल्या. प्रत्येक दिवा वेगळा चालतो, प्रत्येकाचा रंग वेगळा बदलतो, आणि सगळे मिळून गाण्याच्या तालावर पळतात. आठ दिवस तो लॅपटॉपसमोर बसून होता. पडद्यावर आमच्याच घराचा फोटो आणि त्यावर ठिपके लुकलुकताना दिसत होते. मला बोलावून दाखवलं. खरंच सुंदर दिसत होतं. मी म्हटलं, "लाव बाळा, दिवाळी आहे."

अमावास्येच्या रात्री गल्लीतली सगळी मुलं आमच्या घरासमोर जमली. दुसऱ्या दिवशी पहाटे निर्वाण लाडू चढवायला मंदिरात जायचं होतं. ओसरी झाडायला घेतली, तर मऊ कुंच्याखाली हिरवट, बारीक थर लागला. तुडतुडे. धानावरचे ते एवढेसे हिरवे किडे. कठड्याखाली, दाराशी, रांगोळीवर, सगळीकडे. काही अजून हलत होते. सुपली भरली. एका हातात ती सुपली, आणि आत देवघरात भगवान महावीरांच्या निर्वाणाचा लाडू तयार. मला काही सुचेना.

आपला गोंदिया धानाचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास हलकं धान कापणीला आलेलं असतं, भारी धान उभं असतं आणि बांध्यांमध्ये ओल असते. याच दिवसांत तुडतुडे दिव्यांवर येतात, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. शेतकऱ्यांना तर नक्कीच ठाऊक आहे. धानावरचे तुडतुडे आणि खोडकिडा यांच्यासाठी कृषी विभाग प्रकाश सापळा लावायला सांगतो. बांधावर रात्री एक दिवा आणि त्याखाली पाण्याचं घमेलं. किडे दिव्याकडे येतात आणि पाण्यात पडतात. मला त्या पहाटे हेच आठवलं. शेतकरी एका दिव्याचा सापळा लावतो, तोही पीक वाचवायला. आम्ही ६०० दिव्यांचा लावला, आणि वाचवायचं काही नव्हतं.

पुतण्याला उठवून सुपली दाखवली. तो गप्प झाला. मग म्हणाला, "काकू, पडद्यावर हे दिसत नाही ना." त्याने सहज म्हटलं असेल, पण माझ्या डोक्यात ते वाक्य राहिलं. हा लेख त्याच एका वाक्यावर आहे.

आता हे सॉफ्टवेअर काय करतं ते माझ्या भाषेत सांगते. एक्सलाइट्स आणि विक्सन ही नावं अशा मुलांच्या तोंडी असतात, आणि दोन्ही मोफत मिळतात. पुतण्याने कोणतं घेतलं होतं ते सांगत नाही, कारण माझं म्हणणं कुणा एकाविरुद्ध नाही. पद्धत साधारण सारखीच असते. घराचा फोटो घ्यायचा आणि माळा जिथे असतील तिथे ठिपके मांडायचे. खाली गाण्याची पट्टी असते, तिच्यावर कुठल्या क्षणी कुठल्या माळेने काय करायचं ते ठेवत जायचं. एका सेकंदाचे २० किंवा ४० भाग पडतात. प्रत्येक भागात प्रत्येक दिव्याचे तीन आकडे असतात, लाल, हिरवा आणि निळा. प्रत्येक आकडा ० ते २५५. तिन्ही २५५ झाले की पूर्ण पांढरा.

मी बी.कॉम. केलं त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, पण हे ऐकल्यावर मला लगेच कळलं. ही तर रोजकीर्द! प्रत्येक क्षणाची, प्रत्येक दिव्याची नोंद. मी पुतण्याला विचारलं, "मग याची बेरीज कुठे आहे? रात्रभरात एकूण किती उजेड झाला, सगळ्यात जास्त कधी झाला, किती वेळ अंधार राहिला?" त्याने शोधलं, आणि तसं काही त्याला पडद्यावर काढून दाखवता आलं नाही. म्हणजे रोजकीर्द चोख आणि ताळेबंद नाही. आमच्या सरांनी अशी वही परत भिरकावली असती.

यात काही नवीन शोधायचं नाही, हे लक्षात घ्या. आकडे तर सगळे आत आहेतच. ते माणसाला दिसतील असे मांडायचे आहेत. म्हणून मी पुतण्याला म्हटलं, "बनवणाऱ्यांना लिही. मी सांगते, तू इंग्रजीत घाल." चार मागण्या केल्या.

पहिली मागणी एकूण उजेडाच्या काट्याची. स्कूटरला वेगाचा काटा असतो तसा पडद्याच्या कोपऱ्यात एक असावा. या क्षणी सगळे दिवे मिळून पूर्ण क्षमतेच्या किती टक्के जळताहेत, आणि पूर्ण कार्यक्रमाची सरासरी किती, एवढं त्याने सांगावं. लॅपटॉपच्या पडद्यावरचा पांढरा ठिपका आणि गॅलरीवरचा खरा पांढरा दिवा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पडद्यावर सौम्य वाटतं, दारात डोळे दिपतात. डोळ्याला कळत नसेल तर आकड्याने तरी कळू दे.

दुसरी मागणी समोरून बघण्याची. आपल्या घराचा फोटो आपण रस्त्यावरून काढतो, छान कोनातून. पण आमच्या समोर राहणाऱ्या मावशींचं त्याच महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यांच्या खिडकीतून आमचं घर कसं दिसतं, याचाही फोटो ठेवता यावा, आणि आखताना एका बटणावर तो बघता यावा.

तिसरी मागणी अंधाराच्या पट्टीची. गाण्याची पट्टी दिसते तशीच पूर्ण रात्रीची पट्टी दिसावी. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत. दिवे चालू तो भाग उजळ आणि बंद तो काळा. काळा भाग किती हे दिसलं, तरच माणूस तो वाढवायचा विचार करील.

चौथी मागणी लखलखाटाच्या खुणेची. वेबपानांसाठी जगभर मानल्या जाणाऱ्या नियमांत एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट नको असं म्हटलेलं आहे, कारण काही माणसांना त्याने झटका येऊ शकतो. पडद्यासाठी असा नियम असेल, तर भर रस्त्यावर झळकणाऱ्या घरासाठी निदान एक लाल खूण तरी असावी.

आणि शेवटी, अक्षरं मोठी करा बाबांनो. चष्मा लावूनही मला तो मेनू वाचता आला नाही.

आता यावर लोक काय म्हणतात तेही सांगते, कारण मला ते सगळं ऐकवलं गेलं आहे.

आमचे हे म्हणाले, "विजेचं बिल वाढलं म्हणून बोलतेस का?" मी हिशेब केला. ५ व्होल्टच्या अशा एका दिव्याला पूर्ण पांढऱ्यावर साधारण ०.३ वॅट लागतात. ६०० दिव्यांचे १८० वॅट. पाच तास सतत पूर्ण जळले तरी एक युनिटसुद्धा होत नाही, आणि नाचऱ्या रोषणाईत ते सतत पूर्ण जळतही नाहीत. तेव्हा बिलाचा मुद्दा माझ्याकडे नाही, हे प्रामाणिकपणे कबूल करते. उलट, काळजी तीच आहे. पूर्वी बिलाची भीती आपल्याला आवरत होती. आता दिवा इतका स्वस्त झाला आहे की खिशाला चटका बसत नाही. मग आवरणार कोण?

नणंद म्हणाल्या, "आणि पणत्यांचं काय? पणतीत पडून किडा जळतोच की." हेही खरं आहे. पणतीची ज्योत तर त्याला थेट जाळते, आणि अग्निकाय जीवांचा विचार केला तर पणतीही निर्दोष नाही. काही स्थानकांत तर साधू-साध्वी विजेचा दिवासुद्धा वापरत नाहीत. आपण गृहस्थ आहोत, आपली व्रतं अणुव्रतं आहेत. चूल पेटवल्याशिवाय आपला दिवस जात नाही. पण श्रावकाच्या बारा व्रतांत आठवं व्रत अनर्थदंड-विरमणाचं आहे, आणि ते नेमकं आपल्यासाठीच सांगितलं आहे. गरजेपोटी होणारी हिंसा आणि काही कारण नसताना होणारी हिंसा, यांत तिथे फरक केला आहे. चार पणत्या तेल संपलं की विझतात. माझ्या गॅलरीवरचे दिवे त्या रात्री पहाटेपर्यंत नाचत होते. शेवटचा माणूस घरी गेला होता अकराला. अकरानंतर ते कुणासाठी नाचत होते? तुडतुड्यांसाठीच.

मंदिरातल्या एक भगिनी म्हणाल्या, "किडे आपल्या कर्माने येतात, त्यांना दिव्याची ओढ असते." मलाही लहानपणापासून असंच वाटायचं. पतंगाला ज्योतीचं वेड असतं, असं गोष्टींतून ऐकतच आपण वाढलो. पण २०२४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या शास्त्रीय नियतकालिकात एक अभ्यास आला. शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवतीचे किडे टिपले. त्यांना दिसलं असं की उडणारे किडे दिव्याकडे पाठ करतात. रात्रीही जमिनीपेक्षा आकाश उजळ असतं. उजेड आहे ती वरची बाजू, अशी त्यांच्या शरीराची जन्मजात समजूत असते, आणि त्या आधारावर ते तोल सांभाळून उडतात. दिवा जवळ आला की त्यांना तोच आकाश वाटतो. त्याच्याकडे पाठ ठेवता ठेवता ते गोल गोल फिरत राहतात आणि सुटू शकत नाहीत. दिवा खालून वर उजेड टाकत असेल तर काही किडे उडता उडता उलटे होतात आणि पडतात.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. आपण त्याला ओढ म्हणत होतो, आणि तो बिचारा वाट चुकला होता. इरियावहियं म्हणताना आपण एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत सगळ्या जीवांची क्षमा मागतो. माशा, डास, पतंग आपल्याकडे चतुरिंद्रियांत येतात, म्हणजे त्यांना डोळे आहेत हे आपल्या शास्त्राने केव्हाच मान्य केलं आहे. त्याच डोळ्यांना आपण खोटं आकाश दाखवतो.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. दिवाळी चातुर्मासात येते. कार्तिक पौर्णिमेपर्यंत साधू-साध्वी विहार करत नाहीत, कारण या काळात जमिनीवर आणि हवेत जीवांची दाटी असते. म्हणजे ज्या काळात ते पाऊल टाकायला कचरतात, त्याच काळात आपण सगळ्यात जास्त दिवे लावतो. भगवानांचं निर्वाण झालं त्या रात्री मल्ल आणि लिच्छवींच्या अठरा गणराजांनी दिवे लावले असं कल्पसूत्र सांगतं. ज्ञानाचा दिवा गेला, म्हणून त्यांनी द्रव्याचा दिवा लावला. त्या रात्रीची आठवण म्हणून आपण दीप लावतो. मग त्या दिव्याखाली काय पडलंय हे बघायलाच नको का?

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांवर मी रागावलेली नाही. ही बरीचशी माणसं फुकट, रात्री जागून, हौसेपोटी काम करतात. त्यांच्या डोळ्यांसमोर डिसेंबरातला नाताळ असतो, बर्फ पडलेली गावं असतात. तिथल्या थंडीत तुडतुडे कुठले असायला? विजेचे दिवे लावलेलं पहिलं ख्रिसमस ट्री १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी सजवलं. त्यावर ८० दिवे होते आणि ते झाड स्वतःभोवती फिरत होतं. म्हणजे रोषणाई जवळजवळ पहिल्या दिवसापासूनच नाचरी आहे. २००४ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मेसन गावी कार्सन विल्यम्स नावाच्या इंजिनिअरने आपल्या घरावर १६,००० दिवे संगीताच्या तालावर नाचवले. त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. त्याने शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून गाणं भोंग्यावर न लावता गाडीतल्या रेडिओवर ऐकू येईल अशी सोय केली होती. पुढच्या वर्षी बघ्यांच्या गाड्यांमुळे अपघाताच्या जागी पोलिसांना पोचायला अडचण झाली, तेव्हा त्याने दिवे बंद केले. शेजाऱ्याचा कान त्याला आधी सुचला, गाड्यांची रांग घडल्यावर दिसली. आपलंही तसंच होतं. जे दिसतं ते आपण सांभाळतो.

म्हणूनच मी 'दिसण्या'वर अडून बसले आहे. आपल्या स्वयंपाकघरात बघा. तांदूळ निवडायला आपण ताट घेतो आणि दारात उजेडाला बसतो. खडा, भुंगा, सोंडा दिसला की बाजूला काढतो. डब्यातून थेट पातेल्यात ओतले तर कितीही दयाळू बाई असली तरी सोंडा शिजणारच. तिची दया कमी पडली असं नाही, तिने ताट घेतलं नाही. दशवैकालिक सूत्रात आधी ज्ञान आणि मग दया असा क्रम सांगितला आहे, तो मला ताटावरूनच समजला. रोषणाई आखणाऱ्या पोरांचा पडदा हे त्यांचं ताट आहे. त्यात खडेही दिसू द्या, एवढंच मी मागते आहे. निवडायचे की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.

मागणी पाठवून झाली. थोड्या दिवसांनी उत्तर आलं. उजेडाच्या काट्याविषयी त्यांनी विचारलं, सरासरी कोणत्या पद्धतीने मोजायची? मला फार आनंद झाला, कारण प्रश्न विचारणारा माणूस ऐकत असतो. काटा अजून आलेला नाही. पण आम्ही थांबलो नाही. गेल्या दिवाळीत पुतण्याने मावशींच्या परवानगीने त्यांच्या खिडकीतून रात्रीचा फोटो काढला आणि तोच पडद्यावर घेऊन आखणी केली. पांढऱ्याशुभ्र, निळसर दिव्यांकडे किडे जास्त येतात, म्हणून रंग पिवळा-केशरी ठेवला. उजेड तीस टक्क्यांवर आणला. मला वाटलं अगदीच मिणमिणतं दिसेल, पण नाही. आपला डोळा असा आहे की दिव्याचा जोर एवढा कमी केला तरी त्याला तेवढा कमी वाटत नाही. कठड्याखालून वर उजेड टाकणारी माळ काढली. कार्यक्रम सात ते साडेनऊ, पुढे फक्त दारातली पणती. त्याच्या यादीत 'बटरफ्लाय' नावाची एक नक्षी होती, ती मात्र त्याने हट्टाने ठेवली. मी म्हटलं, ठेव, या फुलपाखराला काही होत नाही.

मुलं आली, टाळ्या वाजल्या. दुसऱ्या पहाटे मी कुंचा घेऊन बसले. तुडतुडे होते. नव्हते असं म्हटलं तर खोटं होईल. पण सुपली भरली नाही, तळाशी चिमूटभर होते. पाऊस, धान, वारा दर वर्षी वेगळे असतात. एका वर्षाच्या वहीवरून मी नफा जाहीर करणार नाही. तरी ते चिमूटभर आंब्याच्या झाडाखाली ठेवले, मिच्छामि दुक्कडं म्हटलं, आणि त्या पहाटे लाडूचं ताट हातात घेताना हात कापला नाही.

तुमच्या घरात असं पोर असेल तर त्याला ओरडू नका. त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा आणि विचारा, "यात एकूण किती उजेड होतो ते मला दाखव." त्याला दाखवता आलं नाही, तर दोघं मिळून बनवणाऱ्यांना लिहा. आपल्या मंदिराच्या रोषणाईचं कंत्राट देतानाही हाच प्रश्न विचारायला हरकत नाही.

जय जिनेंद्र.